विनोदाचं स्थलांतर: टॉर्कीचं हॉटेल, स्क्रँटनचं ऑफिस आणि आपली मावशी

(लोणावळा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषय जाहीर झाला तेव्हा काहींना प्रश्न पडला, की ब्रिटिश विनोदी मालिका आणि त्यांच्या अमेरिकन आवृत्त्या याचा लोणावळ्याशी संबंध काय. माझं म्हणणं, बाजारातून एक चक्कर मारा. चिक्कीच्या इतक्या दुकानांवर 'ओरिजिनल' लिहिलेलं असतं, की अस्सल कोण आणि नक्कल कोण यावर तुमच्याइतका विचार केलेला प्रेक्षक मला दुसरीकडे मिळणं कठीण. (हशा)

पण चिक्कीचं एक बरं असतं. गूळ, शेंगदाणे आणि पाक जमवणारा हात तोच असेल तर ती लोणावळ्यात करा नाहीतर खोपोलीत, चव फारशी बदलत नाही. विनोदाचं तसं होत नाही. तीच गोष्ट, तीच पात्रं, तेच संवाद उचलून दुसऱ्या देशात नेले, की कधी तो तिथे दोनशे भाग चालतो आणि कधी चार आठवड्यांत बंद पडतो. असं का होतं, हे आज पाहू.

माझी मांडणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला मला पकडता येईल. विनोद एखाद्या नियमावर उभा असतो. सगळे जण तो नियम मानतात आणि कुणालाच तो धड पाळता येत नाही, अशी परिस्थिती झाली की हसू येतं. रूपांतर करणाऱ्याने शब्द, वेष, आडनावं बदलली तरी चालतं, नाही बदलली तरी चालतं. पण नव्या जागी तो नियम जिवंत आहे का, हे त्याने पाहायलाच हवं. नसेल तर त्याच्या जागी तिथला दुसरा नियम शोधायला हवा. हे काम ज्याने केलं तो तरला.

दोन साहेब

'द ऑफिस'पासून सुरुवात करू. मूळ मालिका बीबीसीवर २००१ साली आली. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी मिळून ती लिहिली. स्लाउ नावाचं लंडनजवळचं रुक्ष गाव, तिथे कागद विकणाऱ्या कंपनीची शाखा आणि तिचा साहेब डेव्हिड ब्रेंट. सहा-सहा भागांचे दोन हंगाम, २००३ च्या नाताळात दोन विशेष भाग, म्हणजे सगळे मिळून चौदा भाग. अमेरिकेत एनबीसीने २००५ मध्ये तीच मालिका पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला नेली. ती २०१३ पर्यंत चालली. भाग झाले २०१.

अमेरिकन मालिकेचा पहिला भाग हा ब्रिटिश पहिल्या भागाचा जवळजवळ शब्दशः अवतार आहे. तो आज पाहिला तर विचित्र वाटतो. स्टीव्ह कॅरेल उत्तम नट, संवाद तेच, आणि तरी काहीतरी अडखळतं. ब्रेंटची शोकांतिका अशी, की तो ज्या समाजात राहतो तिथे स्वतःला मिरवणं हा मोठा गुन्हा आहे. इंग्रज माणूस गप्प राहतो, खाली मान घालतो. ब्रेंट सतत मिरवतो आणि कॅमेरा त्या गप्प बसलेल्या माणसांकडे वळतो. तिथे आपण हसतो. हसतो म्हणजे काय, अंग चोरून बसतो.

अमेरिकेत स्वतःला मिरवणं हा गुन्हा नाहीच. तिथे तो जवळपास शिष्टाचार आहे. (हशा) मग मायकेल स्कॉटवर हसायचं कशासाठी? ग्रेग डॅनियल्स आणि त्यांच्या लेखकांना याचं उत्तर दुसऱ्या हंगामात सापडलं. त्यांनी मायकेलला दोन गोष्टी दिल्या. एक, तो खरोखर चांगला विक्रेता आहे; गिऱ्हाईक कसं जिंकायचं हे त्याला कळतं. दुसरी, त्याला घर नाही, म्हणून तो ऑफिसलाच घर समजतो. अमेरिकेतला नियम असा, की कामावर सगळ्यांनी एक कुटुंब असल्यासारखं वागायचं. तो बाकी सगळे वरवर पाळतात. मायकेल एकटाच तो खरा मानतो. नियम बदलला आणि मालिका स्वतःच्या पायावर उभी राहिली.

यात धंद्याचाही भाग आहे. ब्रिटनमध्ये एक-दोन लेखक सहा भाग लिहितात आणि थांबतात. अमेरिकेत लेखकांची अख्खी खोली भरलेली असते आणि वर्षाला वीस-बावीस भाग लागतात. शंभरेक भाग झाले की पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकून खरा पैसा येतो. ब्रेंटसारखा माणूस चौदा भाग सहन होतो. दोनशे भाग सोबत राहायचं तर माणूस थोडा प्रेमळ करावाच लागतो. म्हणून अमेरिकन आवृत्ती 'गोड झाली' अशी तक्रार करणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. गोड झाली हे खरं, पण ती गोडी फुकटची नव्हती.

हॉटेल जे हललं नाही

आता उलट उदाहरण. 'फॉल्टी टॉवर्स'. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेले फक्त बारा भाग, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं टॉर्की, म्हणजे सुट्टीला जाण्याचं गाव. तिथे बेझिल फॉल्टी हॉटेल चालवतो आणि त्याला गिऱ्हाइकांचा मनस्वी तिटकारा आहे. १९७० साली 'माँटी पायथन'ची मंडळी टॉर्कीच्या एका हॉटेलात उतरली होती, तिथल्या मालकावरून हे पात्र सुचलं.

अमेरिकेने या हॉटेलावर एकदा नाही, तीनदा हात मारून पाहिला. १९७८ मध्ये एक नमुना भाग झाला, त्याच्या पुढे काही नाही. १९८३ मध्ये 'अमांडाज' आली, तिच्यात बेझिलच नव्हता, हॉटेल एक बाई चालवत होती. १९९९ मध्ये 'पेन' आली आणि काही आठवड्यांत गेली.

असं का झालं? पहिलाच भाग आठवा. बेझिलला वरच्या वर्गातली गिऱ्हाइकं हवी आहेत. एक माणूस लॉर्ड असल्याची बतावणी करत येतो आणि बेझिल त्याच्यापुढे लोटांगण घालतो, बाकी सगळ्यांना हिडीसफिडीस करतो. बेझिलचा संताप हा वर्गाचा संताप आहे. वरच्यांनी मला आपलं म्हणावं आणि खालच्यांनी माझ्याजवळ येऊ नये. हा नियम इंग्लंडमध्ये प्रत्येकाला उच्चारावरून, टायवरून, चहा पिण्याच्या पद्धतीवरून कळतो. अमेरिकेतही वर्ग आहेत, पण 'गिऱ्हाईक हा राजा' हे तिथलं अधिकृत तत्त्व. तिथे गिऱ्हाइकावर ओरडणारा हॉटेलवाला नुसता उद्धट दिसतो. उद्धटपणा दहा मिनिटं हसवतो, मग कंटाळा येतो.

मंत्री, सचिव आणि बदली

आपल्याकडे येऊ. १९७७ ची ब्रिटिश मालिका 'माइंड युवर लँग्वेज' आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर 'जबान संभाल के' होऊन आली. पंकज कपूर हिंदीचे मास्तर. मुळात परदेशी लोक लंडनमध्ये इंग्रजी शिकतात आणि त्यांच्या उच्चारांवर इंग्रज प्रेक्षक हसतो. आपण तो साचा उचलला आणि वर्गात परदेशी लोकांबरोबर आपल्याच देशातली इतर भाषा बोलणारी माणसं बसवली. पंकज कपूर यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण इथे मूळ नियम जसाच्या तसा आला, की ज्याची भाषा मध्यभागी तो हसणार आणि बाकीचे हसू होणार. हिंदी पडद्यावर मराठी माणूस कितीतरी वर्षं हवालदार किंवा कामवाली बाई म्हणूनच दिसत आला. त्यामुळे या मुद्द्यावर आपण जरा सावध असावं. कोण कुणाला हसतंय, हा प्रश्न मी शेवटी पुन्हा घेणार आहे.

दुसरी मालिका 'जी मंत्रीजी'. मूळ 'येस मिनिस्टर', बीबीसी, १९८०. आपल्याकडे २००१ मध्ये स्टार प्लसवर आली. फारूक शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. दोघेही नट नेमके. संहिताही मूळ भागांना धरून. तरी ती मालिका मनात घर करून राहिली नाही, आणि कारण नटांत नाही.

ब्रिटनमधला नियम असा: मंत्री येतात-जातात, सचिव कायम असतो. सर हंफ्रीची सगळी ताकद त्या कायमपणात आहे. आपल्याकडे काय होतं? मंत्र्याला सचिव आवडला नाही तर संध्याकाळपर्यंत बदलीचा आदेश निघतो. (हशा) आपल्या अधिकाऱ्याची भीती आहे बदली. आणि आपल्या मंत्र्याची भीती सचिव नसून मतदारसंघातून सकाळी सात वाजता आलेली माणसं आहेत. हे दोन धागे विणले असते तर ती अस्सल भारतीय मालिका झाली असती.

आणि भाषा! सर हंफ्रीची ती लांबलचक वाक्यं, ज्यांत 'नाही' म्हणायला शंभर शब्द लागतात, त्यांना मराठीत तयार घर आहे. शासकीय पत्रव्यवहार काढून बघा. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सदरहू प्रकरणी', 'यथोचित कार्यवाहीस्तव'. एवढा ऐवज फुकट पडून आहे आणि एकही मराठी सिटकॉम लेखक तो उचलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

देवलांनी काय केलं

आता ज्यासाठी मी हा सगळा फेरा मारला त्या मुद्द्यावर येतो. परकी विनोदी कलाकृती आपल्या मातीत कशी रुजवायची, हे शिकायला आपल्याला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. आपल्याकडे त्याचा सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे.

'संशयकल्लोळ' परकं नाटक आहे, असं तुमच्यापैकी किती जणांना कधी वाटलं? (दोन-तीन हात वर) गोविंद बल्लाळ देवलांनी ते १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' म्हणून लिहिलं आणि १९१६ मध्ये संगीत नाटक म्हणून ते 'संशयकल्लोळ' झालं. मुळात आर्थर मर्फी या लेखकाचं १७६१ चं इंग्रजी नाटक 'ऑल इन द राँग'. आणि तेही मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच प्रहसनावरून घेतलेलं. म्हणजे पॅरिसहून लंडन, लंडनहून महाराष्ट्र. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचं पारपत्र शिक्क्यांनी भरलं होतं.

गोष्ट आठवा. रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते आणि तिच्या हातात ती फाल्गुनराव पाहतो. चार माणसांचे चार संशय. मर्फीची नायिका घरंदाज मुलगी आहे. ती एकटी बाहेर पडते, प्रियकराची तसबीर जवळ बाळगते. लंडनच्या रंगभूमीवर ते खपतं. १८९३ च्या महाराष्ट्रात घरंदाज मुलगी रस्त्यावर एकटी, वर प्रियकराची तसबीर? प्रेक्षकाने पहिल्याच प्रवेशाला पाठ फिरवली असती.

देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केलं. ही त्यांची अडचणीतून काढलेली वाट असेल, पण तिचा परिणाम फार खोल झाला. ती रस्त्यावर का दिसते, हे प्रेक्षकाला पटलं. शिवाय अश्विनशेठच्या संशयाला धार आली. मर्फीच्या नाटकात संशय हा नायकाच्या स्वभावाचा दोष आहे. देवलांच्या नाटकात तो आधीच समाजात तयार पडलेला आहे. अशा घरातली मुलगी एकनिष्ठ असूच शकत नाही, असं सगळ्यांनी ठरवलेलं आहे. आणि नाटकात सगळ्यांत सरळ वागते ती तीच. म्हणजे देवलांनी नुसतं भाषांतर केलं नाही, नाटकाचा आरोपी बदलला.

नावंही बघा. फाल्गुन, अश्विन, भादव्या, वैशाख हे महिने. कृत्तिका, रेवती ही नक्षत्रं. अख्खं पंचांग रंगमंचावर. मूळ नाटकात असं काही नाही. इतक्या खेळीमेळीने त्यांनी ते घर आपलं केलं, की मूळ मालकाचं नाव आज आपल्याला सांगावं लागतं.

आँट म्हणजे नक्की कोण?

दुसरं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं. 'चार्लीज आँट' हे ब्रँडन टॉमस यांचं १८९२ चं फार्स. ऑक्सफर्डचे दोन विद्यार्थी, त्यांना दोन मुलींना खोलीवर जेवायला बोलवायचंय, पण वडीलधारी बाई हजर नसेल तर मुली येऊ शकत नाहीत. चार्लीची श्रीमंत आँट ब्राझीलहून यायची आहे, ती वेळेवर येत नाही, म्हणून एका मित्रालाच लुगडं... माफ करा, झगा नेसवतात. (हशा)

अमेरिकेने यावर १९४१ मध्ये जॅक बेनीला घेऊन चित्रपट केला आणि १९४८ मध्ये ब्रॉडवेवर 'व्हेअर्स चार्ली?' हे संगीत नाटक. दोन्ही चालली. पण दोन्ही ऑक्सफर्डमध्येच राहिली, त्याच जुन्या काळात. कारण १९४८ च्या न्यूयॉर्कमध्ये वडीलधाऱ्या बाईशिवाय मुली येणार नाहीत, हा नियम कुणी मानतच नव्हतं. नियम मेला होता, म्हणून गोष्ट जुन्या कपड्यांत ठेवावी लागली.

जवळपास त्याच सुमारास, १९४७ मध्ये, आचार्य अत्रे यांचं 'मोरूची मावशी' आलं. अत्र्यांना गोष्ट जुन्या काळात न्यावी लागली नाही. तो नियम आपल्या दाराबाहेर उभा होता. त्यांच्यासमोर प्रश्न वेगळाच होता. इंग्रजीत 'आँट' एकच. आपल्याकडे आत्या, मावशी, काकू, मामी. आता आत्या घ्या. ती माहेरवाशीण, तिचा मान, तिचा हक्क, ती आली की घर सावध होतं. काकू घरातलीच, तिला सगळी ओळखतात, बतावणी कशी चालणार? मामीकडे आपण सुट्टीत जातो, ती फारशी येत नाही. मावशी मात्र परघरची असते, वरचेवर दिसत नाही, आणि तिने लाड करायचे हे ठरलेलंच. 'माय मरो पण मावशी जगो' असं आपण म्हणतो. म्हणजे तिच्या वागण्यावर कुणी शंका घेणार नाही. एका नात्याच्या निवडीत अर्धं नाटक बसलं. १९८०च्या दशकात विजय चव्हाण ती मावशी झाले तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्या कुणालाच ब्राझील आठवलं नसेल.

मग १९८८. 'अशी ही बनवाबनवी'. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून. पुरुषाने बाईचा वेष घेण्याची युक्ती तीच, पण नियम बदलला. आता मुली येण्याचा प्रश्न नाही, खोली मिळण्याचा आहे. पुण्यात चार एकटे पुरुष, आणि जागा मिळणार फक्त जोडप्यांना. सचिन यांच्या चित्रपटाने मूळ हिंदी चित्रपटाला झाकून टाकलं, याचं श्रेय अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांना आणि वसंत सबनीसांच्या संवादांना आहेच. पण त्याखाली पुण्याच्या घरमालकाचा तो नियम होता, जो सिनेमागृहातल्या प्रत्येक तरुणाने सोसला होता.

मावळातलं हॉटेल

आता तुमच्यावर गृहपाठ. 'फॉल्टी टॉवर्स' अमेरिकेत रुजलं नाही. लोणावळ्यात रुजेल का?

मला वाटतं, फार छान रुजेल. टॉर्कीसारखंच हे सुट्टीचं गाव. पावसाळ्यातला शनिवार, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि आपले हॉटेलमालक. बेझिलला लॉर्ड हवे होते. आपल्या मालकाला 'फॅमिली' हवी असते. 'फक्त फॅमिलीसाठी' ही पाटी तुम्ही रोज बघता. आणि समोर उभी असतात सहा मुलं, ओली, भुकेली, पैसे हातात घेऊन. नियम मालकाचा, भाडंही मालकालाच हवं. इथे मोरूची मावशी पुन्हा लागणारच. (हशा, टाळ्या)

पण माझी एक अट आहे. ही मालिका मुंबईच्या पाहुण्याच्या डोळ्यांनी लिहिली तर काय होईल, हे आत्ताच सांगता येतं. विनोद होईल बंगल्याच्या वॉचमनच्या बोलीवर. 'जबान संभाल के'चा जुना साचा. आणि तोच वॉचमन कदाचित त्या जमिनीच्या मूळ मालकाचा मुलगा असेल. मावळात गेल्या काही दशकांत जमिनी विकल्या गेल्या, बंगले उभे राहिले, आणि ज्यांची भातखाचरं होती त्यांच्यातल्या काहींनी त्याच आवारात माळीकाम, राखणदारी धरली. हे चित्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाहुणा विचारतो, "भाऊ, इथे बघण्यासारखं काय आहे?" आणि भाऊ मनात म्हणतो, तुम्ही जिथे गाडी लावलीत ते माझ्या आज्याचं खळं.

इथला नियम हा आहे: जागा ज्याची त्याने पाहुणचार करायचा. आणि जागा कुणाची, हेच ठरत नाही. देवलांनी आरोपी बदलला तसा इथे हसणारा बदलावा लागेल. वॉचमनच्या डोळ्यांतून पाहुणा आणि मालक दोघे बघितले, की मालिकेला धार येईल. असं काही आपल्या पडद्यावर यावं असं मला मनापासून वाटतं. तयार फॉरमॅट विकत घेऊन वर मराठी सूत्रसंचालक बसवला की काम झालं, असं सध्या बऱ्याच वाहिन्यांना वाटतं. देवल आणि अत्रे हे ज्यांचे पूर्वज, त्यांना हे शोभत नाही. इथे लिहिणारी मुलं-मुली असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं.

थांबतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: मग उचलेगिरी आणि रूपांतर यात फरक काय?

उत्तर: दोन कसोट्या सांगतो. पहिली सरळ कायद्याची आणि सभ्यतेची. लेखक हयात असेल किंवा हक्क शिल्लक असतील तर परवानगी घ्या, आणि नसतील तरी नाव सांगा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. दुसरी कसोटी कामाची. मूळ कलाकृती पाहिलेल्या माणसाला तुमच्या आवृत्तीत नवीन काही कळतं का? 'संशयकल्लोळ' बघून मर्फी वाचला तर रेवती वेगळी दिसते. हे झालं तर रूपांतर.

प्रश्न: सर, 'द ऑफिस' हिंदीतही आलं ना? मला तर आवडलं.

उत्तर: हो, २०१९ मध्ये, हॉटस्टारवर. फरीदाबादची शाखा. तुम्हाला आवडलं यात गैर काही नाही, त्यातले नट मलाही आवडले. पण ते अमेरिकन आवृत्तीच्या फार जवळून चालतं. आपल्या ऑफिसात साहेबाला 'सर' म्हणतात, त्याच्या मुलाच्या लग्नाची वर्गणी काढतात, आणि तो बाहेर गेला की त्याची नक्कल करतात. ते 'सर' म्हणणं हाच आपला नियम. तुम्हीही आत्ता म्हणालात. (हशा)

प्रश्न: पूर्णपणे मराठी, कुठून न घेतलेली अशी घरगुती विनोदी मालिका कोणती सांगाल?

उत्तर: 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदेंनी केलेली. एकाच घरातल्या तीन पिढ्या, कुणी खलनायक नाही, आणि भागाच्या शेवटी गोष्ट संपते. मिळाली तर पुन्हा बघा, आणि त्या घरातला नियम कोणता, तो स्वतः शोधा.